धोतरात धरलेले पाणी

तुमच्याकडे आता छपराच्या पन्हळीखाली पिंप ठेवले आहे आणि ते पाणी बागेला घालता, असे परवा फोनवर सांगितलेत. आमच्या घरी असे पाणी पीत असत. ते सांगायचे तर तुमच्या आजोबांच्या शेवटच्या आजाराबद्दलही सांगावे लागेल. तुमच्या आईला त्यातले सगळे ठाऊक नाही. ती तेव्हा होस्टेलवर होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नेरूळच्या आमच्या रो-हाऊसला वर लहानशी गच्ची होती. माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, उरणजवळच्या मोरा गावच्या. तिथल्या विहिरी मचूळ, त्यामुळे पावसाळाभर पावसाचेच पाणी प्यायची त्यांना सवय. इथे नळ होता तरी त्यांनी पद्धत सोडली नाही. सासऱ्यांचे एक स्वच्छ धुतलेले धोतर गच्चीवर चार टोकांना ताणून बांधायच्या आणि मधोमध एक गुळगुळीत धोंडा ठेवायच्या. धोंड्याच्या वजनाने कापड जिथे झोळीसारखे खाली येई, तिथे खाली तांब्याचा हंडा. मृगाचे पाणी सोडून द्यायचे, त्याने हवा धुतली जाते. आर्द्रा लागल्या की प्यायला धरायचे. पाऊस संपला की त्या नळाचे पाणी माठात वाळा घालून पीत.

मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. पावसाचे पाणीही मी गाळून उकळत असे. त्या म्हणत, "मास्तरीनबाय, तू तं पाऊस आभालातच उकलून घेशील." पण उकळू देत.

एका उन्हाळ्यात आमच्या सेक्टरमधला रस्ता खोदला गेला आणि नळाला कधी गढूळ, कधी औषधाच्या उग्र वासाचे पाणी येऊ लागले. घरोघरी कावीळ झाली. लोक बरे झाले. आजोबांची उतरली नाही. त्यांचे लिव्हर आधीपासूनच खराब होते, ते तेव्हा कळले. डॉक्टरांनी बजावले, पोटात पाणी जात राहिले पाहिजे. नेमके तेच राहीना. नळाचे पाणी कितीही उकळले तरी वासानेच उलटून पडे. वाळ्याचा वासही सोसेना. बाटलीचे आणून पाहिले, तर म्हणाले, "प्लास्टिक प्यायल्यासारखं वाटतं." पावसाळा लागला तेव्हा कळले, पावसाचे पाणी तेवढे टिकते.

मग काय, ढग आले की सासूबाई जिन्याकडे. दिवसभर धरलेले पाणी त्यांच्यासाठी राखायचे, आम्ही दोघींनी त्याला हात लावायचा नाही. हस्त नक्षत्र संपेपर्यंत निभावले. मग पाऊस गेला आणि हंड्याचा तळ दिसू लागला.

सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. "बाय, नलाचं उकल. गार झालं का माज्या हंड्यात ओत."

"त्यांनी विचारलं तर?"

"मी बोलन काय ते. तू तोंड मिटून ऱ्हा."

पेला त्यांनी स्वतः नेला. आजोबांनी तो हातात धरला, थोडे थांबले, प्यायले.

"आये, पाऊस पडला का?"

"पडला तं. पनवेलच्या अंगानं सर आली व्हती. तू झोपला व्हता, बाला."

खिडकीतून ऑक्टोबरचे लख्ख ऊन पलंगावर पडले होते. ते म्हणाले, "बरं." आणि पाणी टिकले.

त्यानंतर असेच चालले. सासूबाई रोज सकाळी गच्चीवर जाऊन कोरडे धोतर बांधून येत, कारण पलंगावरून जिन्याच्या दारातून त्याचे एक टोक दिसत असे. मला वाटू लागले होते की हे आता सावरतील.

एकदा त्या देवळात गेल्या असताना आजोबांनी मला जवळ बोलावले. "नळाचं देता ना? आईला सांगू नकोस. ती पेला देऊन माझ्या तोंडाकडे बघत बसते गं. मग उलटी करवत नाही. गिळून धरतो."

तुळशीच्या लग्नाआधी ते गेले.

दिवसकार्य झाले, पाहुणे पांगले. सासूबाई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. "त्याला कललं नसंल ना?"

"नाही, आई," मी म्हटले.

"मंग त्याला देत व्हतो ते मला दे. तसंच."

मी पाणी उकळून गार केले, हंड्यात ओतले आणि पेला भरून त्यांच्या हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला. तोंडातच धरून ठेवला, आणि बऱ्याच वेळाने गिळला.

"वास हाय," त्या म्हणाल्या.

मी भांडी आवरत राहिले. त्या जमिनीवर बसल्या आणि उरलेले पाणी थोडे थोडे करून सगळे प्यायल्या.