अख्खं घावन

धसईजवळच्या आमच्या गावात सोवळंओवळं फार कडक. गावाबाहेरच्या वाडीतली बाईजा आमच्या ओटीच्या खालच्या पायरीपर्यंत यायची, वर नाही. तिला पाणीसुद्धा उंचावरून ओंजळीत मिळायचं. आमच्या स्वयंपाकघरातला मानाचा बिडाचा तवा मात्र दोन-दोन महिने खुशाल तिच्या चुलीवर नांदून परत यायचा. त्यालाही शास्त्र होतं. लोखंडाला विटाळ नाही, विस्तवातून गेलं की झालं शुद्ध. हे कुठल्या पोथीत लिहिलंय ते कुणी विचारलं नाही. सोयीचं शास्त्र सगळ्यांना तोंडपाठ असतं.

प्रकार असा की पौषात म्हशाच्या जत्रेला गेलेला माणूस बैल घेवो न घेवो, बायकोसाठी तवा घेऊन यायचा. नवा बिडाचा तवा दिसायला करडा, हाताला खरखरीत आणि स्वभावाने हलकट. त्यावर घातलेलं पहिलं घावन कधी सुटून येत नाही. दुसरंही नाही, विसावंही नाही. आमच्या घरंदाज बायकांना फाटकं घावन पानात वाढणं कसं शोभणार? म्हणून तवा जायचा बाईजाकडे.

ती आधी वाळू आणि नारळाच्या काथ्याने तो घासायची, मग तीन दिवस पेजेत बुडवून ठेवायची. गंजाने तांबूस झालेलं पाणी ओतून टाकून तो चुलीवर सुकवायचा, अर्धा कांदा काडीला टोचून त्याने खुरासणीचं तेल फिरवायचं, धूर निघून जाईपर्यंत तापवायचा, थंड करायचा आणि पुन्हा तेच. मग रोज घावनं. एकदा तवा मुरू लागला की त्याला राख लावायची नाही, नुसत्या फडक्याने पुसायचा. हे सगळं ती फुकट करायची असं कुणी समजू नये. कण्यांचं पीठ आमचं, तेल आमचं, आणि तव्याला चिकटून निघालेले घावनाचे तुकडे तिच्या पोरांचे. यापरता मोठा मोबदला आमच्या गावाला सुचला नाही.

तवा मुरला हे ओळखायचं कसं? तर घावन अख्खं, गोल, कडेला जाळी पडून, उलथनं लागायच्या आधीच सुटून येतं. असं पहिलं घावन निघालं की बाईजाने ते फडक्यात गुंडाळायचं आणि तव्यासोबत मालकिणीच्या दारात नेऊन दाखवायचं. मालकीण मान डोलवायची, तवा विस्तवावर धरून घरात घ्यायची आणि घावन कुत्र्याला घालायची. वाडीतलं कोण खाणार? म्हणजे वीस वर्षांत बाईजाच्या चुलीवर जितकी अख्खी घावनं झाली, ती सगळी आमच्या गावातल्या कुत्र्यांनी खाल्ली. तिच्या घरात स्वतःचा तवा कधी आला नाही. गरज काय होती, एक ना एक असायचाच की!

अठ्ठावन्न सालच्या शिमग्याला बाईजाची मुलगी तानी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी यायची होती. ती आणि तिचा नवरा बाळ्या भिवंडीकडे वीटभट्टीवर कामाला होते. होळीला सुट्टी घेऊन येणार आणि पाडव्याआधी परतणार होते. बाईजाने मनाशी एकच धरलं होतं. लेकीला आणि जावयाला एकदा तरी अख्खं घावन वाढायचं.

त्या वर्षी तिच्याकडे होता माझ्या भागीरथीकाकूचा तवा. तो मुरून चार दिवस झाले होते आणि बाईजा दडवून बसली होती. काकूला दम कुठला? होळीच्या आदल्या सकाळी ती स्वतः वाडीवर गेली आणि अंगणापासून दहा पावलांवर, पदर सावरून, उभी राहिली.

"बाईजा, झाला का गो तवा?"

"नाय बाय, अजून घावन धरतोय."

"एवढे दिवस? टाक बघू एक. मी बघते."

बाईजाने चूल पेटवली, तवा ठेवला, आणि तो तापायच्या आतच पीठ ओतलं. थंड तव्यावर देवाच्या हातचंही घावन सुटत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिने उलथनं घातलं. घावनाच्या चिंध्या झाल्या.

काकूने लांबूनच पाहिलं. "हात गेला गो तुझा. ठेव आणखी आठ दिवस, पण पुढच्या सालापासून आमी पलीकडच्या वाडीतल्या सकुबाईकडंच देऊ. सगळ्या गावाला सांगते मी."

"व्हय बाय," बाईजा म्हणाली. अख्ख्या पंचक्रोशीत तिच्या नावाला जी एक किंमत होती ती तिने त्या चिंध्यांबरोबर खरवडून काढली. काकूने घरी येऊन हे हसत हसत सांगितलं आणि आम्हीही हसलो. आज त्या हसण्याची मला शिसारी येते.

पुढचं मला तानीनेच सांगितलं, पुष्कळ वर्षांनी. होळीच्या दुसऱ्या दिवशी बाईजाने तवा चांगला तापवला, कांदा फिरवला आणि पीठ घातलं. घावन भाकरीएवढं, पांढरंशुभ्र, अलगद सुटून आलं. पहिलं जावयाला दिलं. दुसरं पळसाच्या पानावर तानीपुढे ठेवलं. तानी ते पान हातात घेऊन उभी राहिली आणि इकडेतिकडे फडकं शोधू लागली.

"आये, ह्ये कुनाकडं पोचवाचं?"

"बस खाली," बाईजा म्हणाली. "तुजंच हाय. खा."

तानी बसली. पण अख्ख्या घावनाला सुरुवात कुठून करायची ते तिला कळेना. म्हणून तिने आधी ते फाडून त्याचे बारीक बारीक तुकडे केले आणि मग खाल्लं. बाईजा चुलीकडे तोंड करून बसली होती.