उभ्या पाटीची वाट

नाताळाच्या आधी असिमीना आपल्याच बागेत घसरली आणि मनगट मोडून बसली. पेलिओनच्या डोंगरात हिवाळाभर सगळेच कुठे ना कुठे पडतात, त्याचं कुणी मनावर घेत नाही. पण तिचा मुलगा अपोस्तोलिस खाली वोलोस शहरात विमा विकायचा, आणि या धंद्यातल्या माणसाला एका पडण्यात पुढची चार दिसतात. फाटकापासून दारापर्यंतच्या उतारावरचा चिखल बुटाच्या टोकाने दाखवत तो म्हणाला, "आई, एक दिवस या चिखलात पडून राहशील आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. ईस्टरला येतो, तुला घेऊनच जातो. खोली तयार आहे, पलंगसुद्धा आणलाय."

असिमीनाने नीट ऐकून घेतलं. तो चिखलाबद्दल बोलला होता, वयाबद्दल नाही. वयाला इलाज नसतो, चिखलाला असतो.

प्लास्टर निघालं आणि जिला बागेत एकटीने फिरायची मनाई होती ती बाई तबेल्याच्या छपरावर चढली. खेचर मरून वर्षं झाली होती, छप्पर मात्र शाबूत होतं. करड्या-हिरव्या दगडाच्या पातळ, रुंद पाट्यांचं. मागच्या बाजूने डोंगर छपराला टेकलेला, त्यामुळे वर जायला शिडी लागत नव्हती. लागली असती तर तिने तीही लावली असती.

पाट्या उतरवून तिने उतारावर वाळू पसरली आणि एकेक पाटी आडवी मांडली. वाट इतकी देखणी झाली की शेजारचा झिसिस कुंपणापलीकडून बघायला आला. हा अपोस्तोलिसचा बाप्तिस्म्यातला धर्मबाप, त्यामुळे तो तिला 'कुंबारा' म्हणे आणि त्या नात्याने वाटेल ते बोले. त्याने वाटेवर पाऊल ठेवलं. पाटी कट्‌ करून मोडली. दुसरं पाऊल टाकलं, दुसरी मोडली.

"कुंबारा, छपराची पाटी आहे ही," तो जागेवरूनच म्हणाला. "तिला पावसाची सवय. माझी नाही."

"तुझी सवय कुणालाच नाही. खाली उतर."

"सिमेंट ओत आणि मोकळी हो."

"म्हणजे जानेवारीत बर्फावरून थेट फाटकात. कमरेवर."

तो गेल्यावर ती मोडक्या तुकड्यांकडे बघत बसली. चर्चकडे चढणारी जुनी गल्ली तिला आठवली. खेचरं ओझं घेऊन तिथून भर पावसात उतरायची आणि एकाचाही खूर सरकायचा नाही. तिथल्या पाट्या आडव्या नव्हत्या, उभ्या होत्या. कडा वर, अंग जमिनीत. तिने दोन तुकडे उभे ठोकून बसवले, मध्ये तिसरा घट्ट मारला आणि वर उभी राहून नाचली. म्हणजे तिच्या गुडघ्यांना जमेल तितकी. काही हललं नाही.

मग सगळी देखणी वाट उपटली. दोन्ही कडांना जाड दगड पुरले आणि त्यांच्यामध्ये पाट्या उभ्या ठोकत ती फाटकाकडून वर सरकू लागली. मनगट दुखलं की हातोडा डाव्या हातात. उभी पाटी मात्र भारी खादाड. बोटभर जागा भरायला अख्खी पाटी जाते. अर्ध्या वाटेतच अर्धं छप्पर संपलं.

"उरलेल्या छपराचं काय करणार?" झिसिसने विचारलं. तो नुसता बघायला म्हणून येऊन हल्ली पाट्यांची रांग सरळ यावी म्हणून दोरी धरायला लागला होता.

"दोरी सरळ धर," असिमीना म्हणाली.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी, पाऊस होता. अपोस्तोलिस गुळगुळीत तळाचे शहरी बूट घालून, आईसाठी रिकामी सुटकेस घेऊन फाटकात उतरला. पाठ केलेलं भाषण तो पहिल्या पावलाला सुरू करणार होता, पण पाय घसरेल म्हणून खाली बघत चालला आणि पाय काही घसरेना. दारात पोचला तेव्हा भाषण मागे कुठेतरी राहून गेलं होतं. तो परत फाटकापर्यंत गेला, टाच आपटून पाहिली, पुन्हा वर आला. भरलेला कॉफीचा कप बशीत घेऊन आई त्याच्यासमोर ती वाट उतरली आणि चढली. बशीत कॉफीचा थेंबही सांडला नव्हता; पावसाच्या थेंबांवर तिच्याकडे इलाज नव्हता.

"कुणी करून दिलं?"

"छपराने."

त्याने तबेल्याकडे पाहिलं. वर नुसते वासे. "आणि तबेल्यातलं सरपण आता कुठे ठेवणार?"

"तुझ्या खोलीत. तू काही राहायला येत नाहीस."

"आई, तिकडे पलंग घेतलाय मी."

"मग झोप त्यावर."

सोमवारी सुटकेस परत गेली. बटाटे, अक्रोड आणि बिहीच्या फळांच्या मुरंब्याच्या बरण्यांनी ती इतकी जड झाली होती की अपोस्तोलिस वाकडा होऊन ती वाट उतरला. असिमीना दारात उभी राहून त्याच्याकडे नाही, पाट्यांकडे बघत होती. एकही हलली नाही.