पट्टीमामांची गाठ

प्रिय मुलांनो, माझ्या डाव्या नडगीवरच्या जाड कातडीबद्दल तुम्ही पत्रातून पुन्हा विचारलेत. माझ्या आईच्या देखत हे सांगवत नव्हते. गेल्या महिन्यात ती गेली, म्हणून आज लिहिते.

ठाण्याच्या एका दवाखान्यात जखमा बांधणाऱ्या गृहस्थांना सगळे पट्टीमामा म्हणत. त्यांनी बांधलेली गाठ कधी आपोआप सुटली नाही. बांधून झाली की ते ती दोनदा ओढून पाहत आणि म्हणत, "आता हिला मीच सोडणार."

मी नऊ वर्षांची असताना टेंभी नाक्यावर बैलगाडीचे चाक माझ्या पायावरून गेले. नडगीचे हाड उघडे पडले. पाय कापण्याआधी डॉक्टरसाहेबांनी एक शेवटचा उपाय केला. उजव्या पोटरीची कातडी तीन बाजूंनी सोडवली, चौथ्या बाजूला जोडलेलीच ठेवली आणि डाव्या नडगीवर शिवली. मग दोन्ही पाय एकवीस दिवसांसाठी एकत्र बांधले.

"उजवा पाय डाव्याला जेवू घालतोय," मामा म्हणाले. "पंगत उठेपर्यंत हलायचं नाही हं, बायो!"

साहेबांनी बजावले होते, "घरच्यांनी पट्टीला हात लावला तर मी पुन्हा शिवणार नाही. पाय कापीन."

आईला ते पाय बघवत नसत. आपल्यात पाय बांधतात ते मेलेल्या माणसाचे.

"जिवंत पोरीला असं बांधतात का हो?"

"बारा दिवस गेले, वहिनी. नऊच राहिले. मग तुम्हीच ओरडाल, किती धावतेस म्हणून."

त्या दिवशी अवस होती. दुपारी मामा जेवायला गेले आणि आईने गाठ सोडली. घटकाभरच, म्हणाली. मी सुखाने पाय लांब केला. टाके उसवले.

"कोणी सोडली?" साहेबांनी विचारले. आईने हात पदराखाली घेतले. मामांनी ते पाहिले.

"माझीच गाठ सैल राहिली, साहेब."

साहेबांनी पुन्हा शिवले. अर्धी कातडी काळी पडून गेली, अर्धी धरली. तेवढ्याने हाड झाकले. मामांची मात्र दूर जंगलातल्या दवाखान्यात बदली झाली. जाण्याआधी त्यांनी माझी पट्टी बांधली, पण गाठ ओढून पाहिली नाही. "ही दुसरं कोणी सोडील," एवढेच म्हणाले.

वर्षाच्या आत तिकडच्या तापाने ते गेले. आईने पुढे त्यांचे नाव कधी काढले नाही. पण मरेपर्यंत ती अवसेला दुपारची जेवली नाही. का, ते घरात मला एकटीलाच ठाऊक होते.

ती अर्धी कातडी अजून आहे. थंडीत ताठरते. त्या पायाने मी पन्नास वर्षे चालले.