तळघरातली छाटणी

अमेरिकेत, वेनाचीच्या बागांत ऑरिन हॅलव्होर्सनने एक्केचाळीस वर्षं सफरचंदाची झाडं छाटली. घरातली मात्र एक जुनी पावतीसुद्धा कधी फेकली नाही. बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांची अख्खी साखळी, पहिल्या दिवसापासूनची, तो तळघरातल्या मशीनवर बारा वर्षं सांभाळून होता. अशी मशीनं जगात हजारो, सगळ्यांत तीच नक्कल. म्हणून कुणाला काही खोडता येत नाही. ऑरिनला त्याचा कोण अभिमान!

दर वाक्याआधी "मुद्दा असा की" लावायची त्याची खोड. बायकोला शेवटचा निरोप देतानाही तो म्हणाला होता, "मुद्दा असा की, हेल्गा चांगली होती." तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

शनिवारी सकाळी शेतकरी हॉलमध्ये साखळीवाली मंडळी जमायची. त्या दिवशी वाद पेटला: साखळीत व्यवहारांखेरीज चित्रं, निरोप, वाटेल ते ठेवू द्यावं का?

"ही वही आहे की चौकातला फळा?" धरणावरून निवृत्त झालेला मर्ल टॅकेट गरजला. "कुणीही येऊन मांजर चिकटवणार, आणि मी ते जन्मभर वागवायचं?"

"मुद्दा असा की, मर्ल, आज मांजर काढशील, उद्या माणूस काढशील. ठरवणारा तू कोण?"

"मी बापडा डोनट खाणारा! पण तुला झाडावर एक वाळकी काडी खपत नाही, आणि इथे उकिरडा चालतो होय रे?"

हशा पिकला. कॉफी ओतणारी रोसाल्बा इबारा तेवढी हसली नाही. ती एरवी पॅकिंग शेडमध्ये सफरचंदं निवडायची.

"मिस्टर ऑरिन, त्यातलं काही काढता येतं?"

"मुद्दा असा की, नाही. तीच तर त्याची ताकद."

तिने फोन पुढे केला. साखळीतली एकच ओळ, तीन आठवड्यांपूर्वीची. तिचं नाव, तिचा पत्ता, दाराचा रंग आणि शेवटी, 'इथे लपलीय.' ज्या नवऱ्यापासून ती मुलीला घेऊन याकिमाहून पळाली होती, त्यानेच ती घातली होती.

"पोलिसांना सांगितलंय. उद्या घर सोडतोय," ती म्हणाली. "फक्त एवढं सांगा, हे तुमच्या तळघरातही आहे?"

ऑरिनने तोंड उघडलं. ते तीन शब्द येतील म्हणून सगळे थांबले. आले नाहीत.

"आहे," तो म्हणाला.

घरी मर्ल त्याच्या मागोमाग तळघरात उतरला. शेवटचे काही दिवस सोडून जुना भाग तपासून टाकून द्यायची सोय मशीनमध्ये होतीच. तिचं नावही छाटणीच. छोट्या डिस्कवाल्यांची पळवाट म्हणून ऑरिन तिला हसायचा.

"अरे, तुझ्या एकट्याने काय होणार?" मर्लचा आवाज खाली आला होता. "बाकी सगळीकडे राहीलच की. बारा वर्षं घालवतोस?"

"राहील. माझ्या घरात नको."

त्याने बटण दाबलं.

रविवारी तो पिकअप घेऊन रोसाल्बाकडे गेला. गाद्या, खोकी, मुलीची सायकल चढवली. दोर आवळून झाल्यावर रोसाल्बा म्हणाली, "गाडीच्या मागे कुणी येणार नाही ना? आमचं नवं घर आहे ना, ते..."

"थांब, पोरी," ऑरिन म्हणाला. "मला सांगू नकोस. मर्लचा भाचा येतोच आहे, गाडी तो चालवेल. तो इथला नाही. सामान उतरवून गाडी घेऊन परस्पर त्याच्या गावी जाईल."

आणि भाच्याला द्यायची किल्ली तिच्या हातात ठेवून तो चालत घरी निघाला.