निवेदन नको म्हणणारे मास्तर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि शिकलो तेही रसायनशास्त्र. सिनेमा करणाऱ्या माणसावर मी लिहावं हा आगाऊपणाच आहे. जाणकारांनी सांभाळून घ्यावं. पण जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या त्या मास्तरांवर मराठीत लिहील असं दुसरं कोणी मला ठाऊक नाही.

मास्तर पश्चिम आफ्रिकेतले. मी तिथे शिकत होतो त्या विद्यापीठाच्या फिल्म क्लबात ते कोणतीही फिल्म आधी आवाज बंद करून दाखवत, मग आवाजासकट. एकदा त्यांनी गोऱ्यांच्या राज्यातला एक जुना वार्तापट लावला. पडद्यावर बंदरातले हमाल ओझी वाहत होते आणि निवेदक त्यांना सुखी म्हणत होता.

“त्यांना विचारलं होतं का कोणी?” मास्तर म्हणाले. “आल्झो, म्हणून सांगतो, निवेदन नको. ज्याचं तोंड, त्याचाच शब्द.”

देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांनी पहिली फिल्म केली ती याच हट्टाने. तीत बाजारातली एक मासेवाली सरळ कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, “साहेब गेला, पण त्याची शिट्टी आमच्याच शिपायाने उचलली.” तिचा आवाज टिपणारा मास्तरांचा जिवलग मित्र पुढे माहितीमंत्री झाला आणि म्हणाला, हे वाक्य काढ. मास्तरांनी काढलं नाही. त्यांना देश सोडावा लागला. मग मित्राचाच फोन आला, गोदामाला आग लागली, फिल्म जळाली. फोनवर तो रडला होता म्हणे.

एकदा मास्तर माझ्या खोलीवर आमटीभात खायला आले असताना मी चाचरत विचारलं, “मास्तर, वाईट नाही वाटत?”

“वाटतं. पण तिच्या तोंडी कोणी दुसरं काही घातलं नाही, तेवढं पुरे.” मग तिखटाने वाहणारं नाक पुसत मला चिडवत म्हणाले, “प्रोफेसर, ही आमटी आहे की तुमच्या प्रयोगशाळेतलं काही?”

जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला त्या उन्हाळ्यात त्यांच्या देशातली एक विद्यार्थिनी क्लबात आली. मास्तरांचं नाव ऐकून तिचा चेहरा उजळला.

“ते तुम्हीच? तुमची फिल्म आम्हाला शाळेत दर स्वातंत्र्यदिनी दाखवायचे.”

मास्तर खुर्चीत बसले. “जळालेली फिल्म?” त्यांनी विचारलं. तिला काही कळेना. मग ते हळूच म्हणाले, “तीत मासेवाली आहे?”

“गेनाऊ, अगदी तीच. राष्ट्रपतींचे आभार मानते ती.”

“स्वतः? तिच्या आवाजात?”

“नाही हो,” ती म्हणाली. “तिचे नुसते ओठ हलतात. वरून बोलतात ते माहितीमंत्री.”