शंकरसिंगाचं दुबईतलं वावर

आखाडा बाळापूरपासून जरा आत एका बंजारा तांड्यावर शंकरसिंग राठोड राहतो. त्याच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा हिंदुस्थान पालथा घातला, पण वाटेत कुठं एक वीट रचली नाही. सगळ्या पिढ्यांची ती कसर शंकरसिंगानं एकट्यानं भरून काढली. त्यानं दुबईत घर घेतलं आणि भाड्यानं दिलं.

झालं असं, की हमरस्ता रुंद होताना त्याच्या जमिनीचा एक तुकडा गेला आणि सरकारकडून भरपाईचा मावेजा आला. मावेजा आला की आमच्याकडं माणसाला दोनच गोष्टी सुचतात, एक जीप आणि दुसरी हिंगोलीत प्लॉट. काहींना तिसरीही सुचते, पण तिचं दुकान गावाबाहेर असतं. शंकरसिंगाचा पोरगा दिपक दुबईत एसी दुरुस्तीच्या कंपनीत आहे. तो फोनवर म्हणाला, "बापू, हितं बिल्डर हप्त्यानं घर देऊन राहिले. मावेजा आधी भरायचा, मंग भाडेकरी ठेवायचा. भाड्यातून उरलेले हप्ते आपोआप जातेत."

शंकरसिंगाला हे तिथल्या तिथं समजलं. ही तर बटई झाली! जमीन आपली, घाम दुसऱ्याचा.

बाळापूरच्या हॉटेलात मात्र त्याचा चहा गोड लागू द्यायचा नाही, असं ठरल्यासारखं होतं. त्यात पुढारी तातेराव कदम. हळदीचे मोठे शेतकरी, आणि स्वतःचा मावेजा पांढऱ्या जीपमध्ये घालून बसलेले.

"शंकरभाऊ, कितव्या मजल्यावर हाय म्हणे तुमचं वावर?"

"सातव्या."

"मंग पेरणीला बैलं लिफ्टनं नेता का?"

"हसा तातेराव, हसा."

"न्हाई, इचारलं आपलं. खोल्या किती?"

"एकच हाय. तिला तिकडं स्टुडिओ म्हणतेत."

"आस्सं! मंग आमचे पासपोर्टचे चार फोटो काढा की!"

घरी त्याहून कडक हजेरी. चंदाबाईचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, दुबईच्या घरावर विश्वासच नव्हता. (त्यांची घरातली बोली गोरमाटी, मी मात्र सगळ्यांच्या तोंडी आपली मराठीच घालतो.)

"ज्या घराचा उंबरा म्या ओलांडला न्हाई, ते माझं कसं? आन् जे माझं हाय, ते गळून राहिलं!"

हेही खरं होतं. चुलीच्या बरोबर वर पत्र्याला भोक होतं. पावसाळाभर तव्यावर भाकरी आणि थेंब एकदमच पडत. तिनं बोट वर केलं की शंकरसिंगाचं उत्तर ठरलेलं, "घरचंच काम हाय, बघू की."

आणि मग पाडवा तोंडावर आला असताना दिपकचा फोन आला. भाडेकरीण घर सोडून चालली. तिचं नाव मारिसेल, फिलिपिन्सची, दवाखान्यात नर्स.

"काहून सोडून राहिली?"

"लोक बदलत राहतेत बापू."

"मंग दुसरा ठेव."

"बाजूला नव्या बिल्डिंगा झाल्या. लवकर कोनी भेटत न्हाई. घर रिकामं राह्यलं तर हप्ता चुकते. हप्ते चुकले तर बिल्डर घर वापस घेते."

शंकरसिंगाला त्या रात्री जेवण गेलं नाही. जमीन रस्त्यात गेली होती, आता रस्त्याच्या बदल्यातलं घरही जाणार. आणि तातेराव तर उरलेला जन्मभर त्याला लिफ्टनं वरखाली करणार. सकाळी उठून तो म्हणाला, "पाडव्याला बटईदार सोडून चालला तर मालक फोन करत बसत न्हाई. शेतात त्याच्या आखाड्यावर, खोपटात जाते, दोन घास खाते आन् इचारते, बाबा, तकलीफ काय हाय?"

त्याच हिशेबानं नवराबायको दोघं दुबईला गेले.

दिपक स्वतः कंपनीच्या खोलीत आठ जणांत, भिंतीला टांगलेल्या वरच्या बाजेवर झोपायचा. स्वतःचं घर भाड्यानं देऊन मालकानं दुसऱ्याच्या भिंतीला लटकायचं, ही गुंतवणूक चंदाबाईला काही केल्या समजेना. आईबापाची सोय त्यानं नांदेडच्या एका मित्राकडं केली आणि बजावलं, "न इचारता तिच्या घरी जायचं न्हाई. हितं तसा कायदा हाय."

शंकरसिंगानं मान हलवली. कृषी अधिकारी बोलत असताना तो हलवतो, तशी.

दिपक ड्युटीवर गेला आणि दोघं टॅक्सीत बसले. बरोबर ज्वारीचं पीठ, हळद, आंब्याचं लोणचं. शेतातल्या आखाड्यावर मालक गेला की बटईदार बाज टाकतो, चटणी-भाकर वाढतो. मालकीण जाताना लेकराबाळांसाठी काही घेऊन जाते. यात परवानगी कुठं आली?

मारिसेल रात्रपाळी करून झोपली होती. दार किलकिलं झालं.

"येस?"

"हम मालक," शंकरसिंग छाती पुढं काढून म्हणाला. "दिपक का बापू."

चंदाबाई तोवर चपला काढून उंबरा शोधत होती. उंबराच नव्हता, सरळ सपाट फरशी. "अगं माय, बिनउंबऱ्याचं घर!" असं म्हणत ती आत शिरली, कारण थांबायला काही नव्हतंच.

"नो! नो! नोटीस फर्स्ट!" मारिसेल भडकली. बराच वेळ इंग्रजीत भडकली. मग त्या दोघांच्या चेहऱ्यांकडं, पिशवीतून वर आलेल्या बरणीकडं बघून तिनं एक लांब श्वास घेतला आणि बोटानं खूण केली. "ओके. मालक? आओ. देखो."

पलंगाच्या मधोमध टब ठेवलेला. वर भिंतीवर एसी. एसीतून थेंब. टप्प.

"एसी पानी. बेड पानी. तीन महिना. मैं बोला, दिपक बोला..." आणि एवढं बोलून तिनं तिला येत असलेला एकमेव मराठी शब्द उच्चारला, "बघू! आज बघू, कल बघू. खलास!"

शंकरसिंगानं थेंबाखाली तळहात धरला. जिथं वर्षात चार सरी पडायची मारामार, त्या गावात त्याचं घर गळत होतं.

चंदाबाई मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "पटलं बाई! आता पटलं. घर आपलंच हाय."

शंकरसिंगानं फोन लावला. "दिप्या, तू दुबईत काय दुरुस्त करतो रे?"

"एसी."

"आन् आपल्या घरातला?"

पलीकडून बारीक आवाज आला, "घरचंच काम हाय बापू. म्हणलं, बघू."

शंकरसिंगानं शिवी द्यायला तोंड उघडलं. चंदाबाई त्याच्याकडं नुसती बघत राहिली. तोंड मिटलं.

जेवणाच्या सुट्टीत दिपक अवजारांची पेटी घेऊन आला. पाण्याची नळी तुंबली होती. तीन महिन्यांचं काम चहा उकळायच्या आत झालं. तेवढ्यात चंदाबाईनं विजेच्या शेगडीवर भाकरी भाजल्या, आणि मारिसेलनं स्वतःची म्हणून एक पुडी उघडून तव्यावर रिकामी केली. वास सुटला तशी चंदाबाई ओरडली, "अगं बया, सुकट!" दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, पण खारवलेल्या मासळीला भाषा लागत नाही. शेजाऱ्यानं भिंत बडवली. चौघांनी पोटभर हाणलं.

हात धुऊन मारिसेल म्हणाली, "ओके. वन इयर." शंकरसिंगाचा चेहरा उजळला, तसं तिनं बोट वर केलं. "बट मालक, ऐसा नो कमिंग. फोन फर्स्ट!"

मालकाला अट घालणारा बटईदार शंकरसिंगानं जन्मात पाहिला नव्हता. पण घर वाचलं होतं. त्यानं हळदीची पुडी तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "बराबर हाय."

गावात येताच तातेरावांनी गाठलं. "काय शंकरभाऊ, पाह्यलं वावर?"

"पाह्यलं. बागायती निघालं."

तातेराव जीपमध्ये बसले आणि त्यांनी काच वर केली.

पुढं श्रावणात एका संध्याकाळी झड लागली. तवा तापलेला, भाकरी टाकलेली, आणि वरून टप्प. चंदाबाईनं तवा उतरवला, चूल विझवली, दारात येऊन उभी राहिली आणि बोट वर केलं.

"नोटीस!"

"कशाची?"

"पत्र्यातून पानी, तव्यात पानी. आज बघू, उद्या बघू. खलास! पाडव्याला घर सोडून राहिले मी."

शंकरसिंग हसला. ती हसली नाही. "आन् जाशील कुठं?"

"दुबईला. मारिसेलला इचारलंय, दिपककडून. फोन फर्स्ट. ये म्हणली."

दुसऱ्या दिवशी उजाडताच शंकरसिंग डांबराचा डबा आणि पत्र्याचा तुकडा घेऊन छपरावर चढला. खालून पांढरी जीप जात होती. ती थांबली, काच खाली झाली.

"शंकरभाऊ, सकाळी सकाळी वर कशाला?"

"काय सांगू तातेराव," शंकरसिंग खाली न बघता म्हणाला, "हितलीबी भाडेकरीण सोडून चालली व्हती."