मृदंगाची कणीक

ओल्या कणकेचा वास आला की मला लाखांदूरजवळचं श्रमदान शिबिर आठवतं. आम्ही विद्यार्थी दिवसभर तलावाच्या पाळीवर माती टाकायचो आणि दोन्ही वेळा भात खायचो. शेवटच्या संध्याकाळी मी घरून आणलेलं मूठभर पीठ गुपचूप मळलं, माझ्यापुरत्या एका पोळीसाठी. तेवढ्यात गावातले गोविंदाकाका मृदंग घेऊन चुलीपाशी आले.

"बाई, ते कणीक द्या ना. लावल्याबिगर मृदंग बोलत नाही."

मी चिडूनच दिली. काकांनी ती मृदंगाच्या डाव्या तोंडावर थापली आणि पहिल्याच थापेला असा भरदार आवाज घुमला की दुखरे हात विसरून सगळे नाचायला लागले. मीसुद्धा!

भजन संपल्यावर काकांनी कणीक खरवडून परत दिली.

"घ्या, आता भाजा!"

ती पोळी आम्ही नऊ जणांनी खाल्ली.

आजही कणीक मळून झाली की मी तिच्यावर थाप मारते आणि क्षणभर ऐकते.